बॅरलच्या तळाला उरलेलं

गाडी आवाज करते म्हणजे नेमका कुठून करते, ते आधी सांगा, मग माझ्याकडं या. गिऱ्हाइकांना मी आयुष्यभर हेच म्हणत आलो. बॉनेटखालून, कार्बोरेटरच्या तोंडातून ‘फट्’ झालं तर ती शिंक. मागून, सायलेन्सरमधून ‘धडाम्’ झालं तर तो फटाका. शिंकेला कारणं वेगळी, फटाक्याला वेगळी. पण माणसं येणार आणि सरसकट म्हणणार, “गाडी फटाके मारती, बघा जरा.” अरे, काय बघा जरा! खोकला आणि जुलाब एकाच गोळीनं बरे होतात का? मला ह्या बोलण्याचा तेव्हाही राग यायचा, अजूनही येतो. आता कार्बोरेटरच्या गाड्या उरल्या नाहीत, राग तेवढा उरला.

हे सांगतोय ते बहात्तरच्या दुष्काळाचं. मी तेव्हा तिसगावात राहायचो आणि एका ठेकेदाराची पाण्याची गाडी चालवायचो. ड्रायव्हरही मीच, मेकॅनिकही मीच. गाडी जुनी, लष्करानं लढाईनंतर डिस्पोजलमध्ये विकलेली, पेट्रोलवरची. तिच्या पाठीवर लोखंडी टाकी बसवलेली. घोडेगावच्या बाजूला एका विहिरीला अजून पाणी होतं, तिथं टाकी भरायची आणि तिसगावच्या पुढं डोंगराकडच्या वाड्यांना नेऊन सोडायची. पेट्रोल नगरहून बॅरलमध्ये यायचं. ठेकेदाराची दुसरी गाडी आठवड्याला भरलेलं बॅरल माझ्या दारात उतरवायची आणि रिकामं झालेलं परत न्यायची. कुणी पेट्रोल चोरू नये म्हणून भरलेलं माझ्या अंगणात, माझ्या नजरेखाली असायचं, रिकामं कडेला कुठंतरी पडलेलं. बॅरलला हात लावायचा नाही, अशी मी घरात सक्त ताकीद दिली होती. माझी ताकीद म्हणजे आरडाओरडाच असायचा, ते वेगळं सांगायला नको.

घरात मी आणि माझी बायको, दोघंच. पोरबाळ तोवर झालं नव्हतं. ती देवळाली प्रवऱ्याची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली. उसाच्या रानातून आमच्या ह्या कुसळाच्या मुलखात आली तेव्हा तिच्या बापानं तिच्याबरोबर एक कालवड दिली होती. ती कालवड पुढं चांगली गाय झाली, तांबडी, कपाळावर पांढरा टिळा. लग्नाला वर्षं होत गेली, कूस उजवेना, सासरच्या बायका टोचून बोलायच्या. मग तिनं सगळी माया त्या गाईवर ओतली. त्या साली गाय गाभण होती. गाय जगली पाहिजे आणि सुखरूप व्यायली पाहिजे, त्या सबंध दुष्काळात माझ्या बायकोनं एवढं एकच मागितलं. दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मी तिला म्हणालो होतो, “घोडेगावच्या बाजारात नेऊन इकू. आता इकली तर कुनीतरी घेईल, पुढं कातड्याच्या भावानं जाईल.”

तिनं विकायचं नाव पुन्हा काढू दिलं नाही. त्या बाजारात काय चाललं होतं ते मी रोज येताजाता पाहत होतो. दावणीच्या दावणी जनावरं उभी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, आणि गिऱ्हाईक म्हणजे फक्त खाटीक. माहेरी धाडावी म्हणून तिनं निरोप पाठवला, तर भावजयीनं कळवलं, आता माणसांचं बघावं का जनावरांचं? झालं, तिनं माहेराचं नाव टाकलं. छावणीत गाय बांधायलाही ती तयार नव्हती. “तिथं कुनाचं ध्यान ऱ्हातंय? माझी गाय माझ्या दारात जगंल,” म्हणाली.

चाऱ्याचं मी बघायचो, कुठून तरी उसाचं वाढं आणायचो. पाण्याचं ती बघायची. माणसांच्या पिण्याचं पाणी माठात, सार्वजनिक आडावर रांग लावून आणलेलं. गाईला मात्र माझ्या गाडीच्या टाकीतलं. टाकी वाडीत रिकामी केली तरी तळाला थोडं पाणी राहायचंच. आमचं अंगण उताराचं. गाडी घरी आणून लावली की मागं कलायची, तळातलं पाणी नळाकडं यायचं आणि ती ते गाळबिळासकट भरून घ्यायची. तेवढ्याला ठेकेदाराची ना नव्हती. त्यासाठी गोठ्यात एक डांबराचं जुनं पिंप होतं, वरून कापलेलं. निदान माझी समजूत तशी होती. मी सकाळी निघायचो आणि आल्यावर बॉनेटखाली डोकं घालायचो, गोठ्यात कशाला जातोय?

तर त्या हंगामात गाडी शिंकायला लागली.

आधी चढावर. वाडीकडं जाताना शेवटचा चढ लागला की फट्, फट्, गाडी आचके देणार आणि दम टाकणार. मग सपाटीवरही. थोडा वेळ थांबलं की नीट चालायची, पुन्हा शिंकायची. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी तर मनावरच घेतलं. निघताना गाडी शिंकली की म्हणायचे, “थांब रं जरा, अपशकुन झाला, घटकाभर बसून जा.” मी म्हणायचो, “शकुन-अपशकुन गेला खड्ड्यात, इंजिनाला शकुन कळतो व्हय?” पण थांबावं लागायचंच, कारण बंद पडलेली गाडी लगेच सुरू होत नव्हती. तिकडं बायका उन्हात हंडे मांडून बसलेल्या. एका दिवसाच्या खेपा अर्ध्यावर आल्या. ठेकेदार दारात येऊन म्हणाला, “तुला जमत नसंल तर सांग, दुसरा ड्रायव्हर बघतो.” मला! ज्याच्याकडं नगरपासनं लोक गाडीचा आवाज ऐकवायला यायचे, त्या मला तो हे बोलला. तोंडात शिवी आली ती मी कशी गिळली माझं मला माहीत.

मी पद्धतशीर माणूस. एकेक संशय घेत गेलो. प्लग काढले, काजळी घासली, फटी नीट केल्या. शिंक तशीच. पॉइंट बघितले, कॉन्डेन्सर बदलला, टायमिंग पुन्हा बसवलं. ठिणगी उशिरा पडली तरी कार्बोरेटर शिंकतो, म्हणून टायमिंग मी दोनदा तपासलं. तशीच. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून चोरून हवा जात असेल म्हणून चालू इंजिनावर सांध्यांवर तेल सोडलं. हवा जात असली की तेल आत ओढलं जातं आणि आवाज बदलतो. काही बदललं नाही. व्हॉल्व्ह अडकतोय का बघायला टॅपेटचं झाकण काढून बसलो. व्हॉल्व्ह शहाण्यासारखे खाली-वर होत होते. कार्बोरेटर खोलला, त्याच्या वाटीत साठलेलं पेट्रोल बाजूला भिरकावलं, जेटची बारीक भोकं तोंडानं फुंकली, पुन्हा बसवला. दोन दिवस चांगली चालली. मी मिशीला पीळ दिला. तिसऱ्या दिवशी चढावर फट्!

आता तुम्ही म्हणाल, पेट्रोलात पाणी असेल. पावसाळ्यात कुठलाही शिकाऊ मेकॅनिक पहिलं तेच बघतो. पाणी जड, ते वाटीच्या तळाला बसतं, जेटच्या तोंडाशी येतं, पेट्रोल अडतं आणि गाडी शिंकते. पण मी का बघावं ते? आभाळात ढग नाही, जमिनीला भेगा, आटलेल्या आडांच्या तळाला बेडूक मरून वाळलेले, माणसं घोटभर पाण्यासाठी एकमेकांच्या उरावर बसतायत. असल्या साली पेट्रोलात पाणी कुठून येणार? तो विचार माझ्या डोक्याच्या दाराशीसुद्धा आला नाही. आणि वाटीतलं जे मी भिरकावलं होतं ते पडलं फुफाट्यावर. ती जमीन इतकी तहानलेली की पेट्रोल काय आणि पाणी काय, पडताक्षणी गडप. डाग बघायलासुद्धा उरला नाही.

त्याच दिवसांत गाईनं चारा टाकला.

आधी बायको म्हणाली, वाढं वाळलंय म्हणून नको म्हणत असेल. मग गाय खोकायला लागली. पोट फुगायचं, तोंडाला फेस यायचा, डोळे निस्तेज झाले. बायकोनं मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. “नजर लागली हिला. अख्ख्या गल्लीत एक माझीच गाय अंगानं बरी हुती,” म्हणाली. ढोरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पोट बडवून बघितलं, औषध पाजलं आणि चारा बदला म्हणाले. ते दुसऱ्या छावणीवर निघाले होते, घाईत होते. चारा कुठून बदलणार, डोंबल! मी वाढ्यालाच शिव्या घालत बसलो. जिथून आणलं त्या माणसावर जाऊन तणतणलो, तुझ्या वाढ्यात काहीतरी खराबी आहे म्हणून.

बायकोनं मात्र एक गोष्ट सोडली नाही. गाय काही खाईना, तर ती तिच्या तोंडाशी घमेलं धरून बसायची. “पी गं माय. खाऊ नको, पन पानी तरी पी. तुझ्या पोटात जीव हाय.” गाय तोंड फिरवायची. ती पुन्हा घमेलं पुढं करायची, गळ्याखाली खाजवायची, पुटपुटायची. शेवटी तहानच ती, गाय प्यायची. पाणी प्यायली की बायकोच्या तोंडावर जरा बरं दिसायचं. मी बॉनेटखालून ते सगळं ऐकायचो. दोन आजारी माझ्या दारात, एक माझ्याकडं आणि एक तिच्याकडं, आणि दोघांनाही उतार नाही. असं वाटायचं, पाना फेकून द्यावा आणि रस्ता धरून चालत सुटावं.

एक दिवस चढावर गाडी अशी बसली की उठेचना. उन्हाचा कहर. म्हटलं, पुन्हा कार्बोरेटर खोलतो. पण त्या दिवशी पेट्रोल कमी होतं, वाटीतलं थेंबभरही फुकट घालवायचं नव्हतं. सीटमागं एका फुटक्या हेडलाईटची काच पडली होती. ती पुसली आणि वाटीतलं तिच्यात ओतलं. वर पेट्रोल होतं आणि खाली, काचेच्या तळाला, वाटाण्याएवढा एक स्वच्छ गोळा इकडून तिकडं पळत होता. मी काच हलवली, तो पुन्हा पळाला. बोटावर घेतला, जिभेला लावला.

पाणी!

मी त्या रस्त्यावर एकटाच हसलो. हसू कसलं ते, रडूच होतं. सगळ्या तालुक्यात पाणी नाही, आणि ते जाऊन बसलं होतं माझ्या कार्बोरेटरात. वाटी कोरडी पुसली, पेट्रोलच्या टाकीच्या तळाचं काढून टाकलं, गाडी एका हँडलात सुरू झाली. वाडीत पाणी सोडलं. मनात आता दुसरंच पेटलं होतं. नगरचा पंपवाला! पेट्रोलात पाणी घालतोय साला. दुष्काळात लोक मरतायत आणि हा असले धंदे करतोय.

घरी आलो तर दारात माणसं उभी. गाय सकाळीच गेली होती. वासरू पोटातच. बायको रिकाम्या खुंट्याजवळ बसलेली, दावं हातात. रडत नव्हती. मला बघून म्हणाली, “लई वेळ माझ्याकडं बघत हुती.” मी तिच्याशेजारी उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी ठेकेदाराच्या गाडीत बसून नगरला गेलो, पंपवाल्याची गचांडी धरायला. कालचं सगळं दुःख त्याच्यावर काढायचं होतं. सात पिढ्या उद्धारल्या त्याच्या. माणूस शांत निघाला. त्यानं माझ्यासमोर काचेची बाटली भरली आणि उन्हात धरली. पेट्रोल स्वच्छ. दुसरी भरली. तीही स्वच्छ. मग म्हणाला, “पंपाला शिव्या देतो व्हय? तुझी बॅरलं उपडी करून बघ. परवाच्यात भरायच्या आधीच बुडबुड वाजत हुतं. मला वाटलं, तुझंच पेट्रोल शिल्लक असंल.”

परतताना वाटभर माझं डोकं तापत गेलं. म्हणजे बॅरलला कुणीतरी हात लावत होतं. माझ्या दारात, मी एवढं बजावून! शेजारचं कोण, गल्लीतलं कोण, एकेकाची तोंडं डोळ्यांसमोर आणली. घरात शिरलो तो ओरडतच. “बॅरलला कोन हात लावतंय? आज एकेकाचे हात तोडतो!”

बायको चुलीपाशी होती. उठून उभी राहिली. म्हणाली, “मी लावला.”

मग तिनं सगळं सांगितलं, हळू, खाली बघत. डांबराच्या पिंपाचं बूड कधीच गंजून गळालं होतं. पाणी साठवायला दुसरं काही नव्हतं. त्या साली पिंप, घागर, डबा, काय म्हणाल ते प्रत्येकाच्या घरात पाण्यानं अडवलेलं. म्हणून रिकामं झालेलं बॅरल ती गोठ्यामागं लोटत न्यायची, त्यात टाकीच्या तळाचं पाणी भरायची आणि ठेकेदाराची गाडी न्यायला यायच्या आदल्या दिवशी उपडं करून जागच्या जागी आणून ठेवायची. “राख घालून धुवत हुते. चांगलं तीन-तीनदा. तुमी वरडाल म्हनून सांगितलं न्हाई. आता न्या तुमचं बॅरल, मला कशाला पायजे?”

मी गोठ्यामागं गेलो. बॅरल तिथं होतं, आडवं. बॅरलचं तोंड मुठीएवढं, आणि काठाच्या आत. उपडं करा, नाहीतर आपटा, बोटभर तळाला राहतंच. माझं पेट्रोल काढून घेतल्यावर राहायचं, तिचं पाणी ओतून दिल्यावर राहायचं. आत राख घालून काय धुणार, हात तरी जातो का? शेजारी घमेल्यात थोडं पाणी उरलं होतं. त्याच्यावर निळा-जांभळा तवंग. मी वाकलो आणि वास घेतला.

भपकन् पेट्रोल.

हा वास तिला कसा आला नाही? मग माझ्याच हातांकडं बघितलं. माझ्या हातांना, सदऱ्याला, अंथरुणाला, घरातल्या भांड्यांनासुद्धा तोच वास. लग्न झाल्यापासून ती त्याच वासात जेवत होती आणि निजत होती. तिच्या नाकाला तो वास म्हणजे घराचाच वास. गाईला कळला होता. म्हणून ती तोंड फिरवत होती.

आत येताना ओरडत आलो होतो. खरं काय ते मी तिला सांगू शकत होतो. कुठल्या गाडीला काय झालंय हे समोरच्याच्या तोंडावर सांगायचं, कुणाचीही भीड ठेवायची नाही, हीच माझी ख्याती. ती मागं येऊन उभी राहिली होती. पदरानं हात पुसत तिनं विचारलं, “गाडीचं काय निघालं वो? माझ्यामुळं काय झालं का?”

मी घमेलं उचललं आणि पाणी फुफाट्यात ओतून दिलं. जमिनीनं ते लगेच गिळलं.

“न्हाई गं,” मी म्हणालो. “पंपवाला चोर हाय. पेट्रोलात पानी घालतोय.”

“मग बॅरलचं…”

“बॅरलचा काय संबंध? येडी हायेस का?” मी ओरडलोच. ओरडल्याशिवाय तिला खरं वाटलं नसतं.

पुढं गाडी कधी शिंकली नाही. बॅरलं मी स्वतः उन्हात वाळवून पाठवायला लागलो. तिसगावात मी त्या पंपवाल्याची इतकी बदनामी केली की लोक त्याच्याकडं बाटलीत पेट्रोल धरून बघायला लागले. त्या भल्या माणसानं एकदा मला नगरात गाठून विचारलं, “बॅरलं बघितली का?” मी मान फिरवून चालता झालो.

पाऊस पुढच्या साली झाला. आम्हाला पोरं झाली, घर वाढलं. गाय मात्र तिनं पुन्हा घेऊ दिली नाही. आता ती नाही, म्हणून हे लिहितोय. दुष्काळाच्या गोष्टी निघाल्या की बायका आपापलं सांगायच्या, कुणाचा बैल, कुणाची म्हैस, पाण्यावाचून टाचा घासून कशी मेली ते. सगळ्यांचं सांगून झालं की माझी बायको पदर सारखा करायची आणि दर वेळी तेच म्हणायची.

“माझी गाय गेली, पन तान्हेली न्हाई गेली. शेवटच्या दिवशीपन मी तिला माझ्या हातानं पोटभर पाजलं. तेवढं एक समाधान हाय.” मग माझ्याकडं बघायची. “व्हय ना वो?”

आणि मी म्हणायचो, “व्हय.”